पहिल्या सुराआधीचा श्वास

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. टेप म्हटल्याबरोबर तुमच्यापैकी निम्म्यांना खोकी बंद करायची चिकटपट्टी आठवली असेल आणि उरलेल्यांना शिंप्याच्या गळ्यातली मोजपट्टी. मी त्यांच्यातली कोणीच नाही. मी आवाज साठवणारी टेप आहे. जॅझ वाजवणाऱ्या एका बँडचा दुसरा अल्बम माझ्या अंगावर आहे, अगदी मूळचा. तुम्ही फोनवर तो ऐकता, ती माझी नक्कल.

एका चपट्या पत्र्याच्या डब्यात, कपाटाच्या खालून दुसऱ्या फळीवर मी पडून असते. डब्यावर लिहिले आहे, 'दुसरा अल्बम. मूळ टेप.' त्याखाली लाल शाईने आणखी एक ओळ आहे, 'विचारल्याशिवाय कापू नये.' ही ओळ नंतर लिहिली गेली. ती का लिहावी लागली, तेच आज सांगणार आहे. सांगताना मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या. इतकी वर्षे झाली, पण त्या दुपारी बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तुमच्या घरी खिडकीच्या गजांना गंज चढला की मोठी माणसे तो खरवडून काढतात. माझ्या अंगावर मात्र लोखंडाच्या गंजासारखीच तपकिरी भुकटी मुद्दाम चढवली. आधी प्लॅस्टिकचा चादरीएवढा रुंद पट्टा, त्यावर ही भुकटी, मग तो पट्टा उभा चिरून त्याच्या अरुंद फिती. त्यातली एक मी. करंगळीच्या नखापेक्षाही अरुंद आणि लांबी म्हणाल तर साडेसातशे मीटर. मला चाकावर गुंडाळले, डब्यात घातले आणि एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत पाठवून दिले. तिथे मी कितीतरी वर्षे कोरीच पडून होते. बाहेर संगणक आले होते. आमच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हते.

त्या स्टुडिओचे ध्वनिमुद्रक म्हणजे आमचे काका. सगळे त्यांना काकाच म्हणायचे. काका म्हणजे टापटिपीचे दुसरे नाव. वायरी लांबीप्रमाणे लावलेल्या, पेन्सिली टोकाप्रमाणे. चहाचा कप ठेवला की कान उजवीकडेच हवा. टेबलावर धुळीचा कण दिसला तर त्यांना घास गोड लागत नसे. माणूस सोन्यासारखा, पण चार लोकांच्या घरात राहायला अवघड.

एके दिवशी सकाळी कपाट उघडले आणि काकांनी मला बाहेर काढले. माझा विश्वासच बसेना. समोर चार माणसे उभी होती, तोच तो बँड. पियानो वाजवणारी ताई जन्मापासून पाहू शकत नव्हती. तिचे वडील, म्हणजे बाबा, बास वाजवायचे. बास म्हणजे माणसापेक्षा उंच, चार तारांचे वाद्य. मिठी मारल्यासारखे धरून वाजवावे लागते. ड्रम वाजवणाऱ्याला सगळे गडगड म्हणायचे. ट्रम्पेटवाल्याचे नाव फुग्या, कारण वाजवताना त्याचे गाल टम्म फुगायचे.

"काका, आम्हाला टेपवरच करायचाय हा अल्बम," ताई म्हणाली.

"अगं, संगणकावर किती सोपं पडतं! चुकलं तर पुसता येतं, हलवता येतं."

"पहिला तसाच केला होता," बाबा म्हणाले. "एका खोलीत एकजण, दुसरा दुसऱ्या दिवशी. मग जोडाजोड. छान झाला, लोकांना आवडलासुद्धा. पण काका, त्या अल्बममध्ये आम्ही चौघं आहोत आणि एकत्र मात्र कुठंच नाही. आता एका खोलीत बसू आणि वाजवू. जे होईल ते होईल."

जॅझमध्ये सुरुवात ठरलेली असते, शेवट ठरलेला असतो आणि मधले बरेचसे त्या त्या क्षणी सुचेल तसे वाजवायचे असते. म्हणून सगळ्यांनी एकदम सुरुवात करणे फार महत्त्वाचे. बहुतेक बँडमध्ये कुणीतरी "एक, दोन, तीन, चार" असे मोजते. इथे कुणी मोजलेच नाही. काकांनी लाल दिवा लावला, मी फिरू लागले आणि खोली शांत झाली. मग बाबांनी नाकाने श्वास आत ओढला. सूंऽऽ. आणि त्या श्वासाच्या टोकावर चौघेही एकाच क्षणी वाजू लागले!

मी चकित झाले. मला वाटले, हा योगायोग असेल. पण दुसऱ्या रचनेच्या आधीही तसेच. तिसऱ्याच्या आधीही. जलद रचना असेल तर छोटासा झटक्याचा श्वास, संथ असेल तर लांब, खोल श्वास. श्वास जेवढा, तेवढी लय.

ही पद्धत कुठून आली, ते मला गडगड आणि फुग्याच्या गप्पांतून कळले. ताई पाच वर्षांची असताना बाबांनी तिला पियानोपुढे बसवले. मान हलवून खूण करावी तर तिला दिसणार नाही. मोजावे तर ती वैतागायची, "मोजू नका ना बाबा, मी काय शाळेत आहे?" एकदा वाजवायला सुरुवात करताना बाबांनी सहज मोठा श्वास घेतला आणि ती बरोबर त्यांच्याबरोबर सुरावर आली. दोघेही हसत सुटले. तेव्हापासून तीस वर्षे बाबा श्वास घेत आले आणि ताई त्यामागून येत राहिली. बँड झाला तेव्हा बाकीचेही त्याच श्वासावर यायला शिकले.

ही गोष्ट काकांना मात्र कुणी सांगितलीच नाही. का सांगावी? आपण श्वास घेतो हे कुणी कुणाला सांगते का? काका काचेपलीकडच्या खोलीत, कानांवर हेडफोन लावून बसलेले. त्यांना ते सूंऽऽ ऐकू येत होते. चहाच्या वेळी त्यांनी बाबांना आपुलकीने विचारलेसुद्धा, "वाफ घेता का? नाक चोंदलेलं दिसतंय." बाबा हसले आणि म्हणाले, "या वयात काय काय चोंदतं, विचारू नका." सगळे हसले आणि विषय तिथेच संपला. तेव्हा मलाही हसू आले होते. आज त्या हसण्याची लाज वाटते.

तीन दिवसांत सात रचना माझ्या अंगावर आल्या. मी धन्य झाले. जन्मभर कोरी पडलेली मी, आणि आता माझ्या कणाकणात सूर होते! बँड घरी गेला. बाबांचा बास तेवढा स्टुडिओतच राहिला, कारण त्या दिवशी गाडीत जागा नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात काका मला घेऊन बसले. त्यांनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग खिशातून पाते काढले. मी स्वतःला समजावले. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. दोन रचनांच्या मध्ये माणसे खाकरतात, खुर्च्या करकरतात, कुणी "दार लाव रे" म्हणते. तो भाग कापून टाकायचा आणि तिथे कोरी पांढरी पट्टी जोडायची. त्या पट्टीमुळे पुढची रचना कुठे सुरू होते ते डोळ्यांना दिसते. पाते तिरके लावतात. दुखत नाही.

काकांनी आधी खुर्च्या आणि खोकले कापून टोपलीत टाकले. मग मला हाताने मागेपुढे हलवून पहिला सूर नेमका कुठे आहे ते शोधले, पेन्सिलीने खूण केली आणि अगदी त्या सुराच्या पायाशी पाते ठेवले. श्वास पात्याच्या पलीकडे राहिला. कच्. एक तुकडा टेबलावर पडला.

मी हादरले. काका, तो कचरा नाही हो! पण मला ओरडता येत नाही. माझ्यावर जे नोंदले जाते तेवढेच मला बोलता येते. सात वेळा पाते लागले, सात श्वास टेबलावर पडले आणि काका समाधानाने म्हणाले, "आता कसं, लख्ख झालं!"

तेवढ्यात बाबा आपला बास न्यायला आले.

"काका, कव्हरची चेन गेली हो. नेताना उघडंच राहतंय."

"थांबा, बांधून देतो." काकांची सवय होती, टेपचे उरलेले तुकडे ते दोरीसारखे वापरायचे. स्टुडिओतल्या वायरी अशाच तुकड्यांनी बांधलेल्या असत. टेबलावर पडलेल्या सात तुकड्यांतला सर्वांत लांब, चांगला तीन वितींचा तुकडा त्यांनी उचलला. "हा पुरेल. मानेपाशी दोन वेढे आरामात बसतील."

"टेपनं बांधताय? सुटणार नाही ना?"

"ताणेल, पण तुटणार नाही. माझी खात्री."

"बघा हं," बाबा गाठीवर हात फिरवत म्हणाले, "वाटेत गायला लागला तर मला दचकायला होईल."

दोघेही हसले. काकांनी विचारले, "आलाच आहात तर ऐकता का थोडं?"

"नको, नको. ताई आली की सगळे मिळून ऐकू. मी एकट्यानं आधी ऐकलं तर पोरगी मला घरात घेणार नाही."

बाबा बास पाठीला लावून जिना उतरले. त्यांची पावले मी शेवटपर्यंत ऐकली. ती शेवटचीच ठरली.

अकरा दिवसांनी फोन वाजला. काका "हॅलो" म्हणाले आणि ऐकत राहिले. शेवटी "कधी?" एवढेच म्हणाले. बाबा दुपारी जेवून जरा आडवे झाले होते. ते उठलेच नाहीत. काका फोन ठेवून तसेच उभे राहिले. समोर कपाचा कान डावीकडे होता, तोही त्यांनी वळवला नाही.

महिना गेला. टेपवरून तबकडी छापणाऱ्या कारखान्याने दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली होती. त्याआधी एकदा ऐकून घ्यावे म्हणून आदल्या दुपारी तिघे आले, ताई, गडगड आणि फुग्या. ताईने पियानोकडे जायचे टाळले आणि खुर्चीत बसून दोन्ही हात मांडीवर असे ठेवले, जणू तिथे पियानो आहे. काकांनी मला यंत्रावर चढवले. पांढरी पट्टी सरकली आणि पहिली रचना सुरू झाली.

ताई एकदम दचकली. कुणी मागून धक्का द्यावा तशी.

"थांबवा."

काकांनी बटण दाबले. "काय झालं? आवाज मोठा आहे का?"

"पुन्हा लावा."

पुन्हा लावले. पांढरी पट्टी, मग सूर. ताईची बोटे मांडीवर तशीच राहिली, खाली आलीच नाहीत. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा कुठे आहेत?" तिने विचारले.

फुग्या हळूच म्हणाला, "ताई, ऐक ना, बास वाजतोय की. हा बघ, स्पष्ट आहे."

"बास आहे रे. बाबा नाहीयेत. त्यांचा श्वास कुठाय?"

"श्वास?" काका म्हणाले. आणि मग मी त्यांना समजताना पाहिले. मित्रांनो, माणसाच्या पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय होते, ते मी तेव्हा पाहिले. त्यांनी टेबलाच्या कडेचा लोखंडी पाइप घट्ट धरला. "तो... तो सूंऽऽ असा आवाज? पोरी, मला वाटलं, त्यांना सर्दी झालीय."

"कापलात?"

"हो."

"किती?"

"सगळे. सातही."

गडगड ताडकन उठला. "अहो काका, विचारायचं तरी होतं! आम्ही त्याच्यावरच सुरू करतो सगळं! एवढं साधं..."

"एवढं साधं तूही कधी सांगितलं नाहीस," ताई त्याला म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट खाली आला होता. "मीही नाही सांगितलं. काका, ते तुकडे कुठे आहेत?"

मग शोध सुरू झाला. टोपली केव्हाच रिकामी झाली होती. काकांनी सफाईवाल्या मावशींना फोन लावला. "मावशी, दीड महिन्यापूर्वीचा कचरा..."

"काका, बरं आहे ना तुम्हाला?" पलीकडून मावशींचा आवाज आला. "एक कण राहिला तर तुम्हीच घर डोक्यावर घेता. दीड महिन्यापूर्वीचा कचरा मी काय कपाटात जपून ठेवणार?"

मग वायरींची बांधणी सोडली. तपकिरी तुकड्यांच्या अकरा गाठी निघाल्या. काका एकेक तुकडा सरळ करून यंत्रावर लावून बघू लागले. एकात कुणीतरी शिंकले. एकात "हॅलो, हॅ..." एवढेच. एकात खुर्ची, एकात कुठल्याशा जुन्या जाहिरातीतल्या बाईचे अर्धे हसू. प्रत्येक वेळी चौघे कान टवकारायचे आणि प्रत्येक वेळी हात हलवत मागे सरायचे. अकरावा तुकडा नुसताच कोरा निघाला. काका खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढला. आयुष्यभर ज्या टापटिपीचा त्यांना अभिमान होता, तिनेच त्यांचा घात केला होता.

"उद्या सकाळी कारखान्यात द्यायचंय," फुग्या म्हणाला. "आता काय करायचं?"

ताईने हात पुढे केला. "त्यातला एक तुकडा द्या बरं माझ्या हातात. कशाला शोधतोय ते तरी कळू दे मला."

काकांनी तुकडा दिला. तिने तो अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळला. एक बाजू गुळगुळीत, दुसरी किंचित खरखरीत. तिने पुन्हा चोळला. मग तिची बोटे थांबली.

"हे माझ्या घरी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"बासच्या कव्हरला. बास माझ्या खोलीच्या कोपऱ्यात उभा आहे. येता-जाता माझा हात त्याला लागतो. मला वाटायचं, कसली तरी रिबीन आहे."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "मीच! मीच बांधून दिली होती! चेन गेली म्हणून!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," असे पुटपुटत गडगड दाराबाहेर पळाला.

तो येईपर्यंतचा पाऊण तास कसा गेला ते विचारू नका. काका एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होते. फुग्या नखे खात होता. ताई मात्र हालचाल न करता बसून होती. महिनाभर जे ती रोज हाताने चाचपत होती, त्यातच बाबा होते, हे तिच्या मनात कुठवर पोचले होते, कोण जाणे.

जिन्यावर धापा ऐकू आल्या. गडगड आत आला तो अख्खा बास खांद्यावर घेऊन.

"अरे, नुसता तुकडा आणायचा ना!" फुग्या ओरडला.

"गाठ सोडताना तुटला असता तर?" गडगड घाम पुसत म्हणाला. "माझे हात ड्रमचे. मी नाही लावत हात."

काका पुढे झाले, पण इतक्या दिवसांत गाठ अशी आवळली होती की त्यांना ती नखात पकडता येईना. ताईने त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि स्वतः गाठ सोडवली. पियानोवर जलद चालणारी ती बोटे त्या गाठीवर अशी सावकाश चालली की मला बघवेना.

तुकड्याची दशा झाली होती. पीळ पडलेला, मध्ये गाठीचा चुरगळा, एका टोकाला ताण. काकांनी तो काचेवर ठेवून अंगठ्याने सपाट केला आणि यंत्रावर लावला. सगळ्यांनी श्वास रोखला. आवाज आला, हुऽऽस्. कुणीतरी थकून उसासा टाकावा तसा.

ताई शहारली. "हा बाबांचा नाही!" क्षणभर थांबून ती म्हणाली, "नाही, थांबा. उलटा लागलाय. टोकं बदला."

काकांनी टोके बदलली. आणि आवाज आला. सूंऽऽऽऽ. मध्येच गाठीच्या जागी बारीकसे टक् आणि पुढे पुन्हा सूंऽऽऽ. लांब, खोल, भरलेला श्वास. ताईचे दोन्ही हात आपोआप उचलले गेले आणि श्वासाच्या टोकाला टेबलावर उतरले. पियानो तिथे नव्हता, तरी मला तो सूर ऐकू आला.

"चौथी रचना," ती रडत आणि हसत म्हणाली. "एवढा लांब श्वास ते चौथीलाच घ्यायचे."

तिचे बरोबर होते. सर्वांत संथ रचना, म्हणून सर्वांत लांब श्वास. सर्वांत लांब श्वास, म्हणून सर्वांत लांब तुकडा. आणि सर्वांत लांब म्हणूनच काकांनी तो बांधायला उचलला होता. काकांनी तो तुकडा चौथ्या रचनेच्या आधी मला जोडला. हरवलेला अवयव परत मिळावा तसे मला झाले.

उरलेले सहा मात्र गेले ते गेलेच.

"एक करता येईल," काका चाचरत म्हणाले. "या श्वासाच्या सहा नकला काढतो. थोड्या कापून आखूड करतो आणि बाकीच्यांच्या आधी लावतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल," ताई म्हणाली. "काका, बाबांनी प्रत्येक वेळी नवा श्वास घेतला होता. तोच तोच सात वेळा लावला तर ते यंत्र होईल. बाबा नाही होणार."

"मग तसंच कोरं ठेवायचं?"

ताई उठली आणि काचेपलीकडच्या वाजवायच्या खोलीकडे वळली. "माइक लावा."

"काय वाजवणार?"

"काही नाही. मी पाच वर्षांची असल्यापासून बाबा श्वास घ्यायचे आणि मी यायचे. आता मी घेते. बघू या, बाबा येतात का."

काकांनी एक कोरा तुकडा लावला. ताईने माइकपुढे श्वास घेतला. एवढाच. काकांनी तो कापला आणि पहिल्या रचनेच्या आधी जोडला. मला फिरवले. ताईचा श्वास गेला आणि नंतर मध्ये इवलीशी पोकळी राहिली, मग सूर आले.

"बाबा उशिरा आले," गडगड कुजबुजला.

"नाही रे, मीच घाई केली," ताई म्हणाली. "त्यांची लय मला ठाऊक आहे. पुन्हा."

तिने दुसऱ्यांदा श्वास घेतला. पुन्हा काप, पुन्हा जोड. मी फिरले. सूं, आणि त्या श्वासाच्या बरोबर टोकावर बाबांच्या बासचा पहिला सूर उमटला. महिन्यापूर्वी गेलेला माणूस आपल्या लेकीच्या श्वासावर नेमका आला! माझ्या अंगावर काटा आला, मित्रांनो. अंगावर लोखंड असलेल्या माझ्या. फुग्याने भिंतीकडे तोंड फिरवले. गडगड चक्क मोठ्याने रडला. काकांनी दोन्ही हात जोडले, कुणाला ते मला कळले नाही.

अशा सहा रचना तिने सुरू केल्या. संध्याकाळपर्यंत मी पूर्ण झाले.

अल्बम निघाला. लोकांना तो फार आवडला. कुणी कुणी विचारायचे, "सुरुवातीला ते श्वास का ठेवलेत? आणि चौथ्याला टक् वाजतं, ते का नाही काढलं?" त्यावर ताई फक्त हसायची. पुढे मला संगणकावर उतरवायला नेले, तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितले, "ही सुरुवातीची घरघर एका मिनिटात साफ करून देते." काका असे ओरडले की शेजारच्या खोलीतली माणसे धावत आली. त्याच दिवशी स्टुडिओत परत येऊन त्यांनी डब्यावर ती लाल ओळ लिहिली.

आता काकांचे वय झाले आहे. स्टुडिओत संगणक आहेत आणि मी कपाटात. माझ्या जोडांचा डिंक वाळत चालला आहे, भुकटी झडते आहे. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मला उन्हात आणि लोहचुंबकापाशी ठेवू नका, अधूनमधून फिरवत जा, एवढेच पुरे.

पण तुमच्याकडे एक मागणे आहे. टापटीप चांगलीच, ती सोडू नका. फक्त दुसऱ्याच्या वहीतले, कामातले, बोलण्यातले काही तुम्हाला निरुपयोगी वाटले, तर त्याला कात्री लावण्याआधी एकदा विचारा, "हे काय आहे?" आणि तुम्ही ज्याच्या जोरावर उभे आहात, ते काय आहे हे शेजारच्याला वेळेत सांगा. काकांनी विचारले असते किंवा ताईने सांगितले असते, तर आज माझ्याजवळ बाबांचे सात श्वास असते. माझ्याजवळ एकच आहे.

वर्षातून एकदा ताई येते. डबा स्वतः उघडते, माझ्या कडेवरून बोट फिरवते आणि मला यंत्रावर चढवते. चौथ्या रचनेला ती गप्प बसून ऐकते. बाकीच्या सहांना मात्र ती माझ्यावरच्या तिच्या जुन्या श्वासासाठी थांबत नाही. पांढरी पट्टी सरू लागली की मी फिरता फिरता वाट बघते. ती श्वास घेते आणि बाबा येतात.